व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम: दाखल होण्यापासून घरी परतेपर्यंत

दाखल करताना डॉक्टरांना चार गोष्टी न लपवता सांगा: शेवटचं सेवन कधी झालं, रोजचं प्रमाण किती, सोबत आणखी काय चालतं आणि पूर्वी कधी फिट आली होती का. झोपेच्या गोळ्या सांगायच्या हमखास राहतात. रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या एकदम बंद झाल्या तरीही फिट येऊ शकते.

पहिला टप्पा डिटॉक्सचा, म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याचा. दारू थांबल्यावर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. फिट बहुधा पहिल्या 48 तासांत येते. भास, ताप आणि भान हरपणं दिसलंच तर ते 48 ते 96 तासांदरम्यान. म्हणून भरपूर पिणाऱ्याला घरी खोलीत कोंडून दारू सोडवू नका, ते जिवावर बेततं. केंद्रात डायझेपामसारखं शांत करणारं औषध देऊन ते बहुधा आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने कमी करतात. यकृत खराब असेल तर त्याच गटातलं लोराझेपाम बरं पडतं. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी किंवा त्यासोबत थायमिन, म्हणजे बी1, द्यावंच लागतं. नाहीतर शरीरातला उरलासुरला साठा संपून मेंदूला इजा होऊ शकते.

हेरॉइनचा त्रास 8 ते 24 तासांत सुरू होतो. इथे घाई नडते: विथड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, स्पष्ट दिसण्याआधी ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनऐवजी देतात ते औषध) दिलं तर त्रास एकदम उसळतो.

आठवड्याभरात भूक लागते, चेहरा उजळतो, आणि घरचे म्हणतात, ‘आता बरा झाला, घेऊन जातो.’ सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नशा शरीरातून गेलेली असते, तलफ मात्र जागेवरच असते, आणि झोप व मूड सावरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. खरे उपचार आता सुरू होतात, त्यामुळे केंद्राने ठरवलेला मुक्काम अर्ध्यावर तोडू नका.

या काळात समुपदेशकासोबत तलफेची वही ठेवा. वेळ, जागा, सोबत कोण, मन कसं होतं आणि तीव्रता 0 ते 10 पैकी किती, एवढं लिहायचं. चार-पाच दिवसांत ठरावीक वेळा आणि माणसं डोळ्यांसमोर येतात. मग त्या प्रत्येक वेळेसाठी पर्याय ठरवायचा आणि ‘नको’ म्हणायचा मोठ्याने सराव करायचा. उदासी दारूमुळे होती की वेगळा आजार आहे, हे बहुतेकदा दारू थांबून दोन ते चार आठवडे झाल्यावरच नीट कळतं.

डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास होईल असं औषध, जेवणात गुपचूप मिसळू नका. त्यावर दारू घेतली तर रक्तदाब धोकादायक घसरू शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. रुग्णाला माहीत असावं, त्याची संमती असावी, आणि शेवटच्या पेगनंतर निदान 12 तास गेलेले असावेत.

सुट्टीआधी पहिल्या फॉलोअपची तारीख हातात घ्या, सात दिवसांच्या आतली. घरातल्या बाटल्या आणि उरलेल्या गोळ्या माणूस परतण्याआधीच काढून टाका. ओपिऑइड (हेरॉइन, अफू यांसारखी नशा) घेणाऱ्याच्या घरच्यांनी एक धोका ओळखावा: सोडल्यावर शरीराची सहनशक्ती घटते, आणि पुन्हा जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध, मिळत असेल तर घरात ठेवा आणि ते कसं द्यायचं ते सुट्टीच्या दिवशीच नर्सकडून शिकून घ्या.