नौदलाची तोफ मराठवाड्यात आणण्याआधी

समुद्र इथून कोसो दूर, तरी जहाजावरची तोफ दारात असावी असं वाटणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांनी पैशांच्या आधी बाकीची जुळवाजुळव करावी, कारण ही वस्तू एकदा उतरवली की सहज हलत नाही.

पहिलं ठरवायचं ते तोफ कोणत्या काळातली हवी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर गुळगुळीत नळीच्या, ओतीव लोखंडाच्या तोफा होत्या. १८२० च्या दशकात फ्रान्सच्या पेक्सांने फुटणारे गोळे डागणारी तोफ पुढे आणली, आणि १८५९ नंतर आर्मस्ट्राँगच्या आटे पाडलेल्या नळीच्या तोफा ब्रिटिश जहाजांवर चढल्या. नवख्याने कॅरोनेड बघावी असं माझं मत. स्कॉटलंडच्या फॉलकर्कजवळची कॅरन कंपनी ही आखूड तोफ ओतायची. बहुतेक कॅरोनेडना बाजूचे खुंटे नसतात, पोटाखाली कडी असते, त्यामुळे ओळख पटकन पटते. बारा पौंडी, म्हणजे बारा पौंडांचा गोळा फेकणारी, सुमारे ३०० किलोची असते. बत्तीस पौंडी लांब तोफेचं वजन तीन टनांच्या घरात जातं, तो हत्ती वाड्यात बांधायच्या भानगडीत पडू नका.

किल्ल्यांकडे नजर टाकायचीच नाही. परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार इथल्या तोफा सरकारच्या आहेत, आणि त्या जमिनीवरच्या लढाईच्या. दौलताबादची मेंढा तोफ बघायला जरूर जा, म्हणजे किल्ल्याची तोफ आणि जहाजाची तोफ यातला फरक डोळ्यांत बसेल. कुणी ‘शेत नांगरताना सापडली, स्वस्तात देतो’ म्हणाला तर लांब राहा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

कागदांची फाइल तोफेच्या आधी तयार हवी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. तिचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो, म्हणून विकणाऱ्याच्या परवान्याची प्रत आधी मागा. ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा पुढे बाहेर विकून पैसे काढू हा हिशेब डोक्यातून काढा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही तोफ मोडते. दुरुस्त करूनही डागता येणार नाही अशा जुन्या शस्त्राला कलम ४५ सूट देतं, पण आपली तोफ त्यात बसते का हे वकिलाकडून लेखी घ्या. परदेशातून आणायची असेल तर कस्टमचं काम बघणाऱ्याला बयाणा देण्याआधी गाठा, नंतर नाही.

बघायला जाताना टेप, लोहचुंबक, बॅटरी, लांब लाकडी काठी आणि खडू बरोबर घ्या. ब्रिटिश तोफेच्या मागच्या भागावर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात. समजा ५६-२-१४ दिसलं. पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा २८ पौंडांच्या क्वार्टरचा, तिसरा सुट्या पौंडांचा. बेरीज ६३४२ पौंड, म्हणजे जवळपास २८७७ किलो. आता तोफ भुईकाट्यावर चढवायला सांगा. काट्यावरचं वजन बरंच कमी भरलं तर माल नकली आहे, नाहीतर वर्षानुवर्षं समुद्रात पडून लोखंड झिजलंय. दोन्हीत भाव पडायलाच हवा.

मग काठी. ती तोंडातून हलकेच आत सोडा, टेकली की खडूने खूण करा, आणि तीच काठी बाहेरून तोफेच्या कानापर्यंत, म्हणजे मागच्या बाजूच्या बत्ती द्यायच्या भोकापर्यंत, धरून बघा. कानाच्या बरीच अलीकडे अडली असेल तर आत दारू-गोळा असू शकतो. तिथेच थांबा आणि पोलिसांना कळवा. ड्रिल, ग्राइंडर, गॅसची ज्योत, काहीही नको. सुट्या गोळ्यांचंही तसंच. साधारण ६.२ इंच व्यासाचा भरीव गोळा १४ किलोच्या पुढे भरतो, त्याच मापाचा हलका लागला तर तो पोकळ, म्हणजे फुटणारा. नौदलाच्या गोळ्यांचं तोंड पाणी शिरू नये म्हणून घट्ट बंद केलेलं असायचं, त्यामुळे आतली दारू दीडशे वर्षांनीही कोरडी राहते. २००८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात असाच गोळा साफ करताना एक मुरलेला संग्राहक जागीच गेला.

समुद्रातून काढलेली तोफ शक्यतो घेऊच नका. तिच्या अंगात मीठ मुरलेलं असतं. वरचं लोखंड निघून जाऊन शिसपेन्सिलीसारखा मऊ थर उरतो, तो नखानेही ओरखडतो आणि वाळला की तडकतो. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावी लागते. मग हौदात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, मंद वीज सोडून महिनोन्‌महिने मीठ काढावं लागतं, मोठ्या तोफेला वर्षंही लागतात. पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतातच. वैशाखात टँकरच्या रांगेत उभं राहून तोफेला पाणी पाजणं गावाला पटणार नाही. घ्यायचीच असेल तर आदल्या पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी टाकीत साठवून ठेवा.

जागा उन्हाळ्यातच करून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तोफ वर्षभरात तिरकी होईल. मुरूम लागेपर्यंत खणा, भरा, वर काँक्रीट ओता. तोफ थोडी तोंडाकडे उतरती ठेवा म्हणजे नळीत पाणी साचणार नाही, आणि दरवर्षी मृगाआधी मेणाचा हात द्या.

राहिलं पोलिस ठाणं. हायड्रा क्रेन गल्लीत शिरली की अख्खं गाव मोबाइल घेऊन जमणार आणि संध्याकाळपर्यंत ‘अमक्याकडे तोफ सापडली’ हे सगळ्या ग्रुपवर फिरणार. त्याआधीच्या आठवड्यात कागदांच्या प्रतींसह अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच खिशात ठेवा.