होकुसाईची कविता-चित्रं बघताना या चुका टाळा

"कवितेत पक्षी आहे, मग चित्रात का नाही?" जपानी चित्रकार होकुसाईची ठसाचित्रं, म्हणजे कोरलेल्या लाकडी फळीवरून कागदावर छापलेली चित्रं, दाखवायला बसलं की हा प्रश्न येतोच. दरबारी कवी फुजिवारा नो तेइका यांनी तेराव्या शतकात शंभर कवींची एकेक कविता निवडली, तो 'ह्याकुनिन इश्शु' संग्रह. होकुसाईने १८३५च्या सुमारास त्यावर 'दाईने समजावलेल्या शंभर कविता' ही मालिका काढायला घेतली. कविता दरबारातून उठून साध्या माणसांच्या कामाधामात येणार, हे नावातच आहे. तरी लोक कवितेतली वस्तू चित्रात शोधत बसतात.

या शंभरातल्या हितोमारो या कवीच्या कवितेवरून एका वर्गात चांगलाच वाद झाला. डोंगरातल्या फेझंट पक्ष्याच्या लोंबत्या शेपटीइतकी लांबलचक रात्र, ती मी एकट्यानेच काढायची का, असं ती कविता विचारते. चित्रात मात्र मच्छीमार जाळं ओढताहेत. एका उत्साही मुलाने मोबाइलवर अर्थ शोधला, भराभर वाचला आणि या चित्राला चुकीची कविता जोडलीय असं जाहीर केलं. अर्ध्या वर्गाला ते पटलंही! मग सगळ्यांना चित्रातल्या धुराकडे बघायला लावलं. वळत, लांबत वर जाणारा तो धूर म्हणजेच शेपटी, आणि तीच रात्रही. मुलगा गप्प झाला, पण आधी दहा मिनिटं वाया गेली होती.

माझी पद्धत साधी आहे. चित्र कागदाने झाकायचं, कविता दोनदा मोठ्याने वाचायची, मग कागद काढायचा. आयता अर्थ घेऊन आलेला माणूस चित्र बघत नाही, नुसतं ताडून पाहतो.

चित्रावरच्या चौकटीतला मजकूर डावीकडून वाचायला जाऊ नका; ओळी उभ्या असतात आणि उजवीकडून सुरू होतात. "होकुसाईने कोरलं" असंही म्हणू नका. त्याने रेखाटलं, कोरणारे आणि छापणारे कारागीर वेगळे, त्यांचं श्रेय त्यांना द्या.

जुनं ठसाचित्र दिवाणखान्यात उन्हासमोर टांगलेलं दिसलं की मला राहवत नाही. करडईच्या फुलांपासून केलेला लाल रंग उजेडाने उडतो, प्रशियन निळा त्यामानाने टिकतो, आणि चित्राचा तोलच जातो. मागून सेलोटेप तर कधीच नको. मी ठसाचित्रं आम्लरहित कागदात, खणात आडवी ठेवते आणि थोडे दिवसच बाहेर काढते.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक. या मालिकेतली २७ चित्रंच छापलेली माहीत आहेत. छपाईसाठीचं अंतिम रेखाटन फळीवर उपडं चिकटवून त्यावरूनच कोरत, त्यात ते नष्ट होई. म्हणून उरलेली रेखाटनं बहुतेक न कोरलेल्या कवितांची आहेत. छापलेल्या चित्राचं तेच रेखाटन कुणी विकायला आणलं, तर पैसे काढू नका.