‘वेळ मिळाला की बघू’ आणि तब्येतीच्या अशा बऱ्याच चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) झाली की बघू, मग पोरांच्या परीक्षा झाल्या की बघू, मग मे महिन्यात मुंबईची माणसं येऊन गेली की बघू... आपल्या गोव्यात बायकांच्या तपासणीची तारीख अशीच पुढे पुढे जाते. रिकामा वेळ मिळेल म्हणून थांबणं हीच सगळ्यात मोठी चूक, कारण तो मिळतच नाही, धरून ठेवावा लागतो. शुक्रवारी म्हापशाला बाजाराला जाताच ना, मग त्याच फेरीत सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन या आणि घरी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, उद्या जेवण उशिरा होणार.

दुसरी चूक म्हणजे ‘एवढं काम असतं तर दमणारच’ असं म्हणून सोडून देणं. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चक्कर येते, तर आधी सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करा. बाई गरोदर नसेल तर हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे अॅनिमिया, गरोदर असेल तर 11 च्या खाली. बीटाचा रस पिऊन ते भरून येत नाही, रंग लाल असला तरी बीटात लोह कमीच असतं. त्यापेक्षा तिसऱ्या (शिंपल्या) खा, तांबडी भाजी (लाल माठ) खा, वर लिंबू पिळा.

आता गोळ्या चालू आहेत तरी आकडा वर येत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. बघा, गोळी कशी घेता? सकाळी पदेर (पाववाला) येतो, चहा आणि पोळी होते आणि त्याच चहासोबत लोहाची गोळी, म्हणजे निम्मी गोळी वायाच, कारण चहा लोह अंगात शोषू देत नाही. दोन्हीत निदान तासाभराचं अंतर ठेवा, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. शौच काळी होते म्हणून घाबरून बंद करू नका, ते होतंच. पोट घट्ट होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या. आणि आकडा 12 झाला की लगेच सोडू नका, साठा भरायला साधारण आणखी तीन महिने लागतात. एवढं करूनही परत उतरत असेल तर पाळीकडे बघा. सात दिवसांपेक्षा जास्त जाते, तासातासाला पॅड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, तर गळती तिथेच आहे, गायनॅककडे जाच.

थायरॉइडची गोळीही अशीच, उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या ते एक तासाने, आणि लोह-कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी.

जेवणाचं मला खरंच वाईट वाटतं. इसवणाची (सुरमईची) तुकडी पोरांना, नवऱ्याला, सासऱ्यांना, आणि बाईच्या ताटात शीत (भात) आणि उरलेलं हुमण (माशाची आमटी). तुकडी मोजून घेताना स्वतःचीही धरा, नाहीतर मूग, चणे, अंडं काहीतरी हवंच. हरताळकेच्या उपासाला शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं हे मनाने ठरवू नका, आधी विचारून घ्या, पाण्याशिवायचा उपास तर डायबेटिसवालीने करूच नये असं मला वाटतं.

बीपी धावतपळत मोजू नका. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा नको, अर्धा तास आधी चहा नको. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर येत असेल तर डॉक्टर गाठा. बसस्टँडवरचं टॉयलेट नको म्हणून दिवसभर पाणी न पिणं, लघवी दाबून धरणं, हे पण सोडा, लघवीचं इन्फेक्शन यातूनही होऊ शकतं.

लाजेपोटी लपवलेल्या गोष्टी सगळ्यात महाग पडतात. पाळी जाऊन वर्ष झालं आणि परत थोडं जरी रक्त दिसलं, किंवा स्तनात गाठ लागली, दुखत नसली तरी, त्याच आठवड्यात दाखवा. आणि अचानक धाप, घाम, जबड्यात नाहीतर पाठीत दुखणं, मळमळ असं झालं तर अॅसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, बायकांमध्ये हार्ट अटॅक असाही येतो. स्कूटरवर मागे बसून जाऊ नका, 108 लावा.