लर्निंग डिझाइनचं काम गावाकडून सुरू करताय? या चुका टाळा

डी.एड., बी.एड. होऊन भरतीची वाट पाहणारी मुलं-मुली मला फोन करतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, आर्णी, उमरखेडकडून जास्त. "ताई, लर्निंग डिझाइनचं काम घरून करता येते म्हणतात. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" बारा वर्षं या कामात गेल्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. सॉफ्टवेअर राहू दे, कोणाला काय जमत नाही ते आधी सांग.

शिकणाऱ्याला कुठवर न्यायचं ते ठरवून तिथपर्यंतची वाट आखणं, हे लर्निंग डिझायनरचं काम. शाळेतला पाठ, शिक्षकांचं प्रशिक्षण, बँक कर्मचाऱ्यांचा ऑनलाइन कोर्स, बचत गटाच्या ताईंसाठी हिशेबाची पुस्तिका, सगळं त्यात येतं. शैक्षणिक सल्लागाराचं काम त्याच्या आधी सुरू होतं. संस्थेला नेमकं काय साधायचंय आणि त्यासाठी प्रशिक्षण लागतं तरी का, हे तो शोधतो. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

प्रत्येक अडचणीवर प्रशिक्षण काढणं

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर सुरक्षित फवारणीच्या प्रशिक्षणांना जोर आला आणि एक काम माझ्याकडेही आलं. मी ४२ स्लाइड केल्या. विषबाधेची लक्षणं, डब्यावरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण, वाऱ्याची दिशा. माहिती सगळी बरोबर होती. कार्यक्रम संपल्यावर मागे बसलेला एक मजूर जवळ आला. "ताई, लाल तिकोन म्हंजे जहर, हे मले मालूम हाये. पण भादव्यात पऱ्हाटी (कपाशी) डोक्याइतकी वाढते, फडकं बांधलं का दम कोंडते. अन् मालक म्हणते, आजच टाक्या संपव."

त्याला जे आधीच माहीत होतं, तेच मी त्याला दीड तास सांगत होते.

तेव्हापासून काम हाती आलं की मी कागदावर तीन रकाने पाडते. माणसाला काय माहीत नाही, काय माहीत असून जमत नाही, आणि काय जमत असूनही करता येत नाही. फवारणीच्या कामात पहिल्या रकान्यात फार थोडं उरलं. दुसऱ्यात औषधाचं माप आणि मिश्रण आलं. तिसरा रकाना भरून वाहिला: मास्क गावात मिळत नाही, उकाडा, मालकाची घाई, मजुरी फवारलेल्या टाक्या मोजून. प्रशिक्षणाने फक्त पहिले दोन रकाने सुटतात. तिसऱ्यासाठी मालकाशी आणि कृषी केंद्रवाल्याशी बोलावं लागतं. नवा कार्यक्रम दोन तासांचा झाला. तो वावरातच घेतला, पंपात साधं पाणी भरून माप आणि मिश्रणाचा सराव करून घेतला, आणि मालकांची बैठक वेगळी ठेवली. स्लाइड एकही नव्हती.

ग्राहक "कोर्स करून द्या" म्हणतो तेव्हा लगेच हो म्हणू नका. "हा कोर्स झाल्यावर कोण काय वेगळं करताना दिसेल?" एवढं विचारा. उत्तर येत नसेल तर खरं काम अजून सापडलेलं नाही.

दोन शिक्षकी शाळा विसरणं

"साहित्य शाळेत पोहोचवलं, पण कपाटातच आहे." ही तक्रार मी संस्थांकडून सतत ऐकते, आणि दोष बहुतेक वेळा गुरुजींवर टाकला जातो. मी आधी पटसंख्या विचारते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे आपल्याकडच्या लहान गावात एक बाई पहिली-दुसरीला आणि एक सर तिसरी-चौथीला. त्यातल्या एकाला पंचायत समितीत बैठकीला जावं लागलं की चारही वर्ग एकाकडे. तुमच्या अपूर्णांकाच्या खेळाला शिक्षकाने सलग ४० मिनिटं समोर उभं राहावं लागत असेल, तर या शाळेत तो चालणारच नाही, मग कार्ड कितीही सुंदर छापा.

म्हणून प्रत्येक कृतीला तीन प्रश्न लावून पाहा. शिक्षक दुसऱ्या वर्गाकडे वळले तर मुलं १५ मिनिटं आपापली करू शकतात का? तिसरीचं मूल पहिलीच्या मुलाला हे दाखवू शकतं का? तयारीला दहा मिनिटांहून जास्त लागतात का?

२०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया पक्का मिळावा असं ठरवलं आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या तरतुदीमुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातलाही बराच पैसा शिक्षणात येतो. काम आहे. दोन शिक्षकी शाळा आतून पाहिलेली माणसं या कामात कमी आहेत. तुम्ही अशा शाळेत शिकलात किंवा शिकवलंत, तर ते अर्जात पहिल्याच ओळीत लिहा. आपल्याकडची मुलं नेमकं हेच लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

भाषा शेवटी बदलून घेऊ, असं समजणं

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत पहिलीत येणारं मूल घरी कोरकू बोलतं. भामरागडकडे माडिया, पांढरकवड्याकडे कोलामी, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर बंजारा. माडिया आणि कोलामी द्रविड कुळातल्या, तर कोरकू मुंडा कुळातली. या मुलांची मराठी कच्ची आहे, असं म्हणून चालणार नाही. त्यांच्यासाठी मराठी ही पूर्णपणे दुसरी भाषा आहे. धडा प्रमाण मराठीत तयार करून शेवटच्या आठवड्यात दुभाषाकडे टाकला की चित्रं, उदाहरणं, प्रश्न विचारायची पद्धत, सगळं मराठीचंच राहतं आणि बदलतात ते फक्त शब्द. गावातल्या अंगणवाडी मदतनीस ताईंना पहिल्या दिवसापासून सोबत बसवा, आणि त्यांचं मानधन अंदाजपत्रकात आधीच धरा.

वऱ्हाडी आणि झाडी या आपल्या बोलींबद्दलही एक सांगते. चित्रफितीत प्रमाण बोलणारा पात्र शहाणा आणि वऱ्हाडी बोलणारा हसवणारा, असं कधीही लिहू नका. मूल ते लगेच टिपतं. समजावून सांगणारी बाईच वऱ्हाडीत बोलू द्या.

वेळापत्रक पुण्याचं धरणं

विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी आली की पट कागदावर राहतो. गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला घरं पहाटेच रिकामी होतात. नव्या साहित्याची चाचणी अशा आठवड्यांत लावली तर मुलं दिसणार नाहीत आणि अहवालात "प्रतिसाद कमी" असं लिहिलं जाईल. चाचणीची तारीख गावातल्या शिक्षकालाच ठरवू द्या. शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचं पत्र मात्र महिनाभर आधी हातात असावं.

मोठी नावं समोर टाकणं

ॲडी (कोर्स घडवायचे पाच टप्पे), ब्लूम (शिकण्याच्या चढत्या पायऱ्या), बॅकवर्ड डिझाइन (शेवटी काय साधायचं ते आधी ठरवणं) हे सगळं तुम्हाला यायलाच हवं, मुलाखतीत विचारतात. पण केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, "अनुभवातून शिक्षण ही नवी संकल्पना" म्हणून उभं राहू नका. हाताने काम करत शिकण्याची नई तालीम १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली. समोर बसलेल्या सरांनी ती डी.एड.ला वाचलेली असते. त्यांच्या वर्गात काय चालतं ते आधी विचारा.

पोर्टफोलिओत फक्त देखणेपणा

नमुने बघताना मला सगळ्यांचे सारखेच दिसतात: रंगीत स्लाइड, हलणारी चित्रं, शेवटी पाच प्रश्न. कोणासाठी केलं, पहिला मसुदा कुठे फसला, त्यावर काय बदललं, हे कुठेच नसतं. ग्राहक नसला तरी गावातलं काम उचला. गुलाबी बोंडअळीचंच घ्या. हेक्टरी ५ कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावायचे आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग दिसले की उपाय करायचा, हे कास्तकाराला सांगितलेलं असतं. मोजून लिहून ठेवायला मात्र त्याच्याकडे काही नसतं. इथे कोर्स नको, गोठ्याच्या भिंतीला लावायचा एक कागद हवा, रोज रेघा मारता येतील असा. तो पाच घरांत लावा, पंधरा दिवसांनी जाऊन किती रेघा पडल्या ते पाहा, कागद बदला, पुन्हा लावा. दोन्ही कागदांचे फोटो आणि तुमची टिपणं हा अस्सल नमुना. असे तीन पुरतात.

पंधरा दिवसांनी परत जाणं यातलं सगळ्यात महत्त्वाचं. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९मध्ये प्रशिक्षण तपासण्याचे चार टप्पे मांडले: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं, त्याचा परिणाम काय झाला. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं पहिल्याच टप्प्यावर थांबतात. अभिप्रायाच्या कागदावर "खूप छान" लिहून घेतात आणि फाइल बंद होते. प्रस्तावातच सहा आठवड्यांनंतरची एक भेट लिहा, प्रवासखर्चासकट.

पैशाचं तोंडी ठरवणं

स्लाइडमागे दर सांगू नका. चांगल्या डिझाइनमध्ये स्लाइड कमी होत जातात आणि तुमचेच पैसे घटतात. दिवस मोजा. भेटी, मसुदा, चाचणी, दुरुस्ती, प्रत्येकाचे वेगळे. सुरुवातीला एका संस्थेचं काम मी फोनवर ठरवलं आणि एकाच पुस्तिकेत अकरा वेळा बदल करून दिले, कारण किती दुरुस्त्या ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता करारात दोनच दुरुस्त्या असतात, तिसरीला वेगळा दर. साहित्याचे हक्क कोणाकडे राहतील आणि तुम्ही ते नमुना म्हणून दाखवू शकाल का, हेही त्याच कागदावर हवं. ३० टक्के आगाऊ मागायला संकोच वाटतो, मला वर्षानुवर्षं वाटला. कामाच्या मेलमध्येच ती ओळ लिहून टाका, म्हणजे तोंडाने मागायची वेळ येत नाही, आणि रक्कम खात्यात आली की मगच पहिल्या शाळाभेटीची एसटी पकडा.