अंगणातलं तळं उन्हाळ्यात जगवायचं तर

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की छोटं तळं झपाट्याने आटतं. पश्चिमेकडून ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) बांधा, निम्मं काम तिथेच होतं.

नळाचं पाणी थेट सोडू नका, क्लोरीनने मासे दगावतात. उघड्या पिंपात २४ तास ठेवून संध्याकाळी ओता, एका वेळी तळ्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी पडलाय. तळ्यातलंच पाणी तांब्याने हातभर उंचीवरून ओतत राहा.

तळं आटलंच तर गाळ खरवडू नका! कमळाचे कंद त्यातच तग धरतात. वर गोणपाट टाकून रोज भिजवा.

पहिल्या पावसाचं गच्चीवरचं पाणी मात्र तळ्यात नको. त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते.