पॉवर स्टीअरिंगची गळती: तीनदा तेल भरल्यावर सापडलेलं दुखणं

पन्हाळ्याच्या वळणांवर स्टीअरिंग कण्हायला लागलं की समजायचं, तेल पुन्हा उतरलं. दोन महिन्यांत तिसरी वेळ. एकानं थेट पंपच बदलायला सांगितलेलं. म्हटलं, आधी आपण बघू.

तेल खाली ठिबकतं एकीकडे, फुटलेलं असतं भलतीकडेच. म्हणून सगळं रॉकेलनं पुसलं, पूर्ण वाळू दिलं आणि पाइपांच्या जोडांवर चक्क पोराची टाल्कम पावडर उडवली. इंजिन चालू करून भावाला स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावलं. (शेवटाला धरून ठेवायचं नाही, पंपावर ताण येतो.) दहा मिनिटांत स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीकडं परत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी पावडर ओली लाल! रबर कडक झालेलं, क्लिप कितीही आवळा, उपयोग शून्य.

उद्यमनगरातून तेल सोसणारा पाइप आणि स्क्रूची क्लिप आणली. साधा पाण्याचा पाइप चालत नाही, तेलानं फुगतो. पंपाकडून जोरात तेल नेणारा दाबाचा पाइप असता तर मात्र मी हात लावला नसता.

मग टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल भरलं, आत अडकलेली हवा निघावी म्हणून पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग वीसेक वेळा फिरवलं. टाकीतले बुडबुडे थांबले. खाली अंथरलेला पुठ्ठा आठवडाभर कोरडाच आहे.