साठीत स्कुबा: विहिरीत पोहणाऱ्यांनी आधी काय विसरायचं

वरूडकडच्या आमच्या गावात पोहणं शिकायचं म्हणजे पाठीला रिकामा डबा बांधून शेतातल्या विहिरीत उडी. माझ्या वयाचा कोणीही अजून छातीठोक सांगतो, "तळाची माती काढून आणायचो राजेहो!" मालवणला गेल्यावर स्कुबाच्या (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्रात बुडी मारायच्या) होडीत सगळ्यांत आधी हाच माणूस चढतो. काळजी त्याचीच जास्त वाटते. विहिरीत दम कोंडला की शाबासकी मिळते, स्कुबात दम कोंडणं जिवावर बेततं.

सिलिंडरमधली हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने छातीत येते. १० मीटरवर हा दाब जमिनीवरच्या दुप्पट. तिथे भरलेली छाती वर येताना दुप्पट फुगू पाहते. श्वास चालू असेल तर जादा हवा निघून जाते. कोंडला तर फुप्फुस फाटू शकतं, अगदी पुरुषभर पाण्यातूनही. म्हणून जुनी सवय मोडायला वेळ द्या. कापूस घरात आल्यावर फेब्रुवारीत जायचं असेल तर दिवाळीपासून लागा.

सुरुवात डॉक्टरांपासून. होडीत बसताना तब्येतीचा फॉर्म समोर येतो आणि आपण डोळे मिटून सगळीकडे 'नाही'वर खूण करतो. तोच फॉर्म आधी मागवा आणि तालुक्याच्या डॉक्टरांसमोर ठेवा. पंचेचाळिशीनंतरच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न असतात: तंबाखू, बीपी, कोलेस्टेरॉल, घराण्यातला हृदयविकार. हे उगाच नाही. पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार येतो (लघवीची घाई होते तीही त्यामुळेच). बीपी ताब्यात नसेल तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. डॉक्टरांनी टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) सांगितली तर जिल्ह्याला जाऊन करून घ्या. इन्सुलिन घेत असाल, दमा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर तेही लपवू नका.

आता आपल्या भागाचं दुखणं, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. तंबाखूने नाडी आणि बीपी वाढतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सुपारीने जबडा आखडतो त्याचं काय? तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील तर आधी दंतवैद्य गाठा, कारण पाण्याखाली श्वासाची नळी दातांतच धरायची असते. कवळी असेल तर शिक्षकाला आधीच सांगा.

सरावाला विहीर चालेल, एकट्याने मात्र नाही. काठावर दोर घेतलेला माणूस हवा. स्कुबाच्या पूर्ण कोर्सला २०० मीटर न थांबता पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. विहीर २५ फूट रुंद असेल तर आडव्या सत्तावीस फेऱ्या. मालवणच्या एका दिवसाच्या डाइव्हला ही अट नसते, तरी स्वतःची परीक्षा म्हणून करा. घाई करू नका, तोंडाने संथ श्वास घेत राहा. सिलिंडर आणि बाकी सामान मिळून वीस किलोच्या आसपास जातं. गुडघे साथ देत असतील तर पाठीवर पाच-सात किलोची पिशवी घेऊन बांधावरून रोज अर्धा तास चाला. छातीत भरून आलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

कानांचं तंत्र खाटेवर बसूनच शिका: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. पाण्यात हे कान दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला करायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द, पैसे गेले तरी.

आदल्या रात्री दारू नको, पाणी मात्र भरपूर. विदर्भातून ट्रॅव्हल्सने जाताना लघवीच्या भीतीने आपण पाणीच पीत नाही. अशा सुकलेल्या अंगाने उतरू नका, मध्ये एक दिवस आराम ठेवा. खाली खोकला सुटला किंवा धाप लागली तर शिक्षकाला अंगठा वर करून दाखवा. आपल्याकडे त्याचा अर्थ 'मस्त', तिथे त्याचा अर्थ 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं.

परतीचीही घाई नको. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त केल्या तर १८ तास विमान टाळायचं. घाट चढणं हेही उंचीवर जाणंच. गाडीवाला 'रात्रीच निघू' म्हणाला तर त्याला आपल्या खर्चाने मच्छीचं ताट जेवू घाला, पण मुक्काम करा.